चोवीस तासांत आपोआप नष्ट

पंचाक्षरी : …तर सांगायचा मुद्दा असा, की गुप्तता माणसाच्या रक्तात असावी लागते. चौतीस वर्षं मी कचेरीच्या गोपनीय शाखेत काढली, विशाखा. अकरा साहेब आले, अकरा गेले. माझ्या टेबलावरून कागदाचा एक कपटा बाहेर फुटला नाही.

विशाखा : हाव काका. तुमच्या मोबाइलच्या कव्हरात एक कपटा हाय. 'पासवर्ड, शिवकांता एकोणऐंशी.'

पंचाक्षरी : तो कव्हराच्या आत आहे. बाहेर नाही.

विशाखा : कव्हर पारदर्शक हाय.

पंचाक्षरी : ती बाब गौण आहे. तू आधी दुकानाचं शटर अर्धं ओढ.

विशाखा : सकाळी अकरा वाजता शटर ओढलं, तर समोरच्या बसस्टँडातली सगळी माणसं काय झालं म्हणून इथं येतील. मुखेड हाय हे. त्यापेक्षा उघड्यावर बोला, कुणी ऐकणार न्हाई. काय बिघडलंय ह्याचं?

पंचाक्षरी : बिघडलेला नाही. फितूर झालाय.

विशाखा : म्हंजे हँग होतोय?

पंचाक्षरी : हँग नाही. हॅक. दीड महिन्यापासून सदर मोबाइलमधून माझी माहिती बाहेर जात आहे. मी एखादी गोष्ट ठरवायचा अवकाश, गल्लीला ती ठाऊक. मी चप्पल घालायच्या आत लोकांना कळतं मी कुठं चाललो.

विशाखा : फोनवर मोठ्यानं बोलत असताल काका. आमच्या दुकानात निम्मे हॅक झालेले मोबाइल असेच येतात.

पंचाक्षरी : फोनवर मी बोलतच नाही. बोललो तरी पलीकडच्याला ऐकू जात नाही.

विशाखा : का?

पंचाक्षरी : बंदोबस्त केलाय.

विशाखा : थांबा, भिंग लावते. ह्या खालच्या भोकात लाल काय भरलंय? काका… ही लाख हाय का?

पंचाक्षरी : लाख. मोहोर मारायची. निवृत्तीच्या दिवशी अर्धी कांडी उरली होती, ती मी घरी आणली. पेपरात आलं होतं की मोबाइलचा माइक गुपचूप ऐकत असतो. गोपनीय लिफाफा आपण कसा बंद करतो? लाख तापवून.

विशाखा : तुम्ही माइकला सील मारलं.

पंचाक्षरी : नियमानं त्यावर आद्याक्षरी सही करायची असते. जागा पुरली नाही.

विशाखा : आन् पुढच्या कॅमेऱ्यावर ही टिकली?

पंचाक्षरी : शिवकांताची आहे. तिला मागून घेतली. कारण सांगितलं नाही.

विशाखा : काकूनं विचारलं न्हाई, नवऱ्याला टिकली कशाला लागते म्हणून?

पंचाक्षरी : लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. ती आता विचारत नाही.

विशाखा : बरं. मी लाख खरडून काढते, तोवर सांगा. काय काय फुटलं?

पंचाक्षरी : पहिली घटना. मला एक तक्रार होती. शरीराची. बसण्याच्या संदर्भात.

विशाखा : मूळव्याध.

पंचाक्षरी : तुला कुणी सांगितलं?

विशाखा : तुम्ही मघापासून उभे हायत. स्टूल तुमच्या शेजारी हाय.

पंचाक्षरी : असो. नांदेडला डॉक्टरला दाखवायचं ठरवलं. घरात सांगितलं, पेन्शनचं काम आहे. कुणालाही कळू दिलं नाही. आणि बसस्टँडवर येऊन पाहतो, तर अण्णाराव उभा. हातात उशी! म्हणतो, "गाडीची सीट लई कडक हाय, ही घे."

विशाखा : कोण, आपले कंडक्टर अण्णारावकाका?

पंचाक्षरी : सेवानिवृत्त वाहक. तोच. संध्याकाळी परत आलो तर शेजारच्या सरजाबाईच्या घरून डब्यात सुरणाची भाजी आली. पलीकडच्या वकिलानं गेटातून ओरडून सांगितलं, ताक पीत जा. माझ्या आजाराचं गल्लीनं पालकत्व घेतलं, विशाखा!

विशाखा : आन् दुसरं?

पंचाक्षरी : शिवकांतासाठी साडी घ्यायची होती. तिला नकळत. ठरवलं त्याच दिवशी दुपारी ती मला म्हणते, "हिरव्या दोन आहेत." बस, एवढंच. मी साडीचा स उच्चारला नव्हता!

विशाखा : हम्म.

पंचाक्षरी : आणि तिसरी घटना तर निर्णायक. अण्णारावच्या नातवाचं बारसं होतं. तीन तास सतरंजीवर बसणं मला शक्य नव्हतं. मी ठरवलं, ताप आल्याचं कळवायचं. अजून कळवलंसुद्धा नव्हतं. तर अण्णाराव स्वतः दारात हजर. थर्मामीटर घेऊन! माझा ताप यायच्या अर्धा तास आधी तो मोजायला आला!

विशाखा : मग मोजला?

पंचाक्षरी : अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. म्हणाला, "उतरलाय वाटतं." आणि निघून गेला. त्या दिवसापासून मी त्याचा चहा बंद केला. सत्तावीस वर्षं रोज सकाळी सहाला आमच्या ओट्यावर त्याचा कप असायचा. बंद. तोंडसुद्धा पाहत नाही.

विशाखा : एवढ्यावरून?

पंचाक्षरी : एवढ्यावरून? सगळ्या घटनांत समान इसम कोण? हा पाहा अर्ज. तीन प्रतींत आहे. 'संशयित, अण्णाराव, सेवानिवृत्त वाहक, राहणार मुखेड.' दोनच्या एसटीनं नांदेडला जातो आणि सायबर पोलिसांकडं देतो. तू फक्त तुझ्या अभिप्रायात लिही, की मोबाइल हॅक आहे.

विशाखा : काका, अण्णारावकाकाला साधा फोटो पाठवायचा असला तर ते दुकानात येतात. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ सकाळी उठल्यापासून पुन्हा पुन्हा बघतात. दिवसाचं नेट सकाळीच संपतं, मग मला येऊन विचारतात, 'पोरी, माझं नेट कुणी चोरलं?' आन् ते तुमचा मोबाइल हॅक करून राहिलेत?

पंचाक्षरी : तेच तर नाटक आहे. गोपनीय शाखेत पहिला धडा हाच, की ज्याला काही येत नाही त्याच्यावर आधी नजर ठेवावी.

विशाखा : बरं, मी बघते. दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला तुमचं खातं जोडलेलं न्हाई. चांगलं हाय. अपडेट मात्र दोन वर्षांपासून केलं न्हाई.

पंचाक्षरी : तो मोबाइल स्वतःहून म्हणतो, अपडेट करा. जो स्वतःहून मागतो, त्याला देऊ नये.

विशाखा : ह्येच्यात तुम्ही चूक केली. अपडेटनंच भोकं बुजतात, लाखेनं न्हाई. आन् हे काय, अँटीव्हायरस तीन तीन?

पंचाक्षरी : एकावर विसंबू नये. एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवावं, तिसऱ्यानं दोघांवर.

विशाखा : ते तिघं एकमेकालाच धरून राहिलेत, म्हणून मोबाइल तापतोय. आन् हे चौथं, 'सुपर सफाई'? हे कुठून घेतलं?

पंचाक्षरी : जाहिरात आली होती. लाल अक्षरांत. 'तुमच्या मोबाइलमध्ये सतरा व्हायरस आहेत.' आकडा इतका नेमका होता की मी विश्वास ठेवला.

विशाखा : ह्यानं तुमचे नंबर, फोटो, मेसेज, सगळ्याची परवानगी घेतलीय. झाडू मारणाऱ्याला तिजोरीची किल्ली दिल्यागत. चोर असंल तर हाच. काढून टाकते.

पंचाक्षरी : सापडला! म्हणजे अण्णारावनं हा बसवला!

विशाखा : न्हाई काका. हा बसवणारा तुमचा अंगठा हाय. आन् असले चोर दूर कुठंतरी बसून नंबर विकतात. त्यांना तुमच्या मूळव्याधीत काही रस न्हाई. ते सुरणाची भाजी पाठवत न्हाईत.

पंचाक्षरी : मग गल्लीला कसं कळतं?

विशाखा : तेच बघून राहिले. माइक मोकळा झाला. काहीतरी बोला.

पंचाक्षरी : काय बोलू?

विशाखा : कायबी बोला. रेकॉर्ड होतंय का बघायचंय.

पंचाक्षरी : रेकॉर्ड? मग मी काही बोलत नाही.

विशाखा : झालं, आला आवाज. काका, तुमचे चारशे बारा मेसेज उघडायचे राहिलेत!

पंचाक्षरी : मी उघडत नाही. सूचना स्पष्ट आहे, अनोळखी मेसेज उघडू नये.

विशाखा : ह्यात वर 'सौ. शिवकांता' लिहिलंय.

पंचाक्षरी : नाव कुणाचंही लावता येतं.

(अण्णाराव दुकानाच्या पायरीवर. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.)

अण्णाराव : नमस्कार साहेब. येऊ का आत?

पंचाक्षरी : पाहिलंस! पाहिलंस विशाखा! मी इथं येणार हे घरात सांगितलं नाही, दारात सांगितलं नाही. मागच्या गल्लीनं आलो. आणि हा पत्ता काढत हजर! लिही, आताच्या आता लिही तुझा अभिप्राय!

अण्णाराव : लिव्ह पोरी, निवांत लिव्ह. म्या फकस्त ही झेरॉक्स द्यायला आलो. आधार कार्डाची. अर्जाला लागंल साहेबाच्या.

विशाखा : कसली झेरॉक्स?

अण्णाराव : तिकडं सायबरला माझं नाव द्यायचंय न्हवं? मागल्या साली आमच्या गल्लीचे घर नंबर बदलले. जुना पत्ता लिव्हला असंल तर पोलिसाला उगं ऊनात फिरावं लागंल. दोन झेरॉक्स काढल्यात. एक ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं.

पंचाक्षरी : अर्जाचीसुद्धा माहिती! हा अर्ज मी दार लावून, हातानं लिहिलाय!

विशाखा : अण्णारावकाका, खरं सांगा. तुम्हाला हे कुणी सांगितलं?

अण्णाराव : कुणी म्हंजे? साहेबानंच.

पंचाक्षरी : मी?

अण्णाराव : हाव. लाल रंगात.

पंचाक्षरी : लाल! म्हणजे अतिगोपनीय वर्गसुद्धा फुटला!

विशाखा : थांबा दोघं. लाल काय, अतिगोपनीय काय? काका, तुम्ही मोबाइलवर कुठं लिहिता हे सगळं?

पंचाक्षरी : ते मी सांगू शकत नाही.

विशाखा : मग मोबाइल घ्या आन् दोनची एसटी धरा.

पंचाक्षरी : …अण्णाराव, तू तिकडं तोंड कर.

अण्णाराव : केलं.

पंचाक्षरी : विशाखा, शाखेत आमची एक पद्धत होती. सकाळी दिवसभराच्या गुप्त कामांचं टिपण करायचं. संध्याकाळी ते फाडून जाळायचं. कागद राहिला की पुरावा राहिला. निवृत्तीनंतर घरात रोज कागद जाळायला लागलो तर शिवकांतानं सरपणासाठी आणखी मागितले. मग मी मोबाइलमध्ये शोध घेतला. आणि तशी सोय सापडली. मी स्वतः शोधली, कुणाला विचारलं नाही.

विशाखा : दाखवा.

पंचाक्षरी : हे पाहा. इथं पेन्सिलीचं चित्र आहे. म्हणजे टिपण. रंगाची सोय आहे. दैनंदिन हिरवा, गोपनीय जांभळा, अतिगोपनीय लाल. आणि खाली स्वच्छ लिहिलंय, चोवीस तासांनी नाहीसं होईल. जाळायलासुद्धा नको! चौतीस वर्षांत सरकारला ही सोय सुचली नाही.

विशाखा : वाचू का? 'स. ११ वा. विशाखाचे दुकान. मागील गल्लीने जाणे. कोणासही न सांगणे.' हे जांभळं. 'दु. २ ची एसटी, नांदेड. सायबर. अण्णारावचे नाव देणे.' लाल.

पंचाक्षरी : हळू वाच.

विशाखा : आता हळू वाचून काय करू काका? हे स्टेटस हाय.

पंचाक्षरी : म्हणजे?

विशाखा : म्हंजे बसस्टँडावरचा फळा. तुमच्याकडं ज्यांचा नंबर हाय आन् त्यांच्याकडं तुमचा, त्या सगळ्यांना दिसतं.

पंचाक्षरी : सगळ्यांना म्हणजे… साधारण किती?

विशाखा : खाली हा डोळा हाय ना? त्याच्यापुढं आकडा हाय. एकशे त्रेसष्ट.

पंचाक्षरी : तो? तो मी रोज पाहतो. रोज वाढतो.

विशाखा : मग काय वाटायचं तुम्हाला?

पंचाक्षरी : मला वाटायचं, जावक क्रमांक आहे.

अण्णाराव : तोंड फिरवू का आता?

विशाखा : फिरवा.

अण्णाराव : लाल असलं की गल्ली आधी वाचती. हिरव्यात काय नसतं. 'दळण आणणे', 'नखे काढणे'. सरजाबाई तर सुनेला म्हणती, आज साहेबाचं लाल आलंय, गॅस बंद कर.

विशाखा : हे चारशे बारा मेसेज त्याचीच उत्तरं हायत काका. ऐका. सरजाबाई, आज सकाळची, 'नांदेडला जाऊनच राहिलात तर येताना माझ्या गुडघ्याच्या गोळ्या आणा.' वकील, 'अर्जाचा मसुदा दाखवून जा.' आन् काकूचा, 'दोनच्या गाडीला गर्दी असते. एकच्या गाडीनं जा. डबा बांधलाय.'

पंचाक्षरी : शिवकांता…

विशाखा : महिनाभरामागचा बी हाय. 'हिरवी नको. जांभळी चालेल.'

पंचाक्षरी : चौतीस वर्षं, विशाखा. अकरा साहेब.

विशाखा : बसा काका. बरं, बसू नका. पाणी घ्या.

पंचाक्षरी : पण तू, अण्णाराव, तू मला सांगायचं तरी! सत्तावीस वर्षांचा संबंध आपला. 'अरे, हे सगळ्यांना दिसतंय,' एवढं म्हणता येत नव्हतं?

अण्णाराव : मला काय ठावं तुम्हाला ठावं न्हाई ते? तुम्ही शिकलेली माणसं. म्या म्हणलं, साहेब तोंडानं सांगायला लाजतोय, म्हणून लिव्हून कळवतोय. बसायला त्रास हाय म्हणून लिव्हलं, म्या उशी आणली.

पंचाक्षरी : आणि थर्मामीटर? मी स्वच्छ लिहिलं होतं, 'ताप आल्याचे सांगणे.' तुला कळलं नाही, मी टाळतोय ते?

अण्णाराव : कळलं की. एवढं का अडाणी हाय मी? पर म्हणलं, खरंच आला असंल तर? सांगायला गेला आन् आला, असं बी व्हतं माणसाचं. म्हणून बघाया आलो.

पंचाक्षरी : मी खाली बसू शकत नव्हतो, अण्णाराव.

अण्णाराव : म्हणून तर खुर्ची ठिवली व्हती. पाळण्यापाशी, गादी टाकून. सोयऱ्याचा म्हातारा बसाया लागला तर म्या उठवला. साहेबाची हाय म्हणलं. कार्यक्रम हुईस्तोवर रिकामीच व्हती. मग चहा बंद झाला. दारावरून गेलो तर तुम्ही आत. फोन केला तर तिकडून आवाजच न्हाई. चार-पाच डाव केला. म्हणलं, उचलतोय पर बोलत न्हाई, म्हंजे लई राग हाय.

विशाखा : राग न्हवता हो. लाख होती.

अण्णाराव : मला काय म्हाईत. सकाळी सहाला जाग येतीच. ओट्यावर यायचं न्हाई, तर करावं काय? मोबाइल उघडायचा, साहेबाचं वाचायचं. दळण आणणे. नखे काढणे. म्हणलं, चला, बरं हाय गड्याचं. आज वाचलं, माझं नाव पोलिसाला देणे. तर झेरॉक्स काढून आणली.

पंचाक्षरी : त्यातसुद्धा तुला माझी मदतच करायची होती?

अण्णाराव : कंडक्टर व्हतो मी. कुणाला कुठं बी जायाचं असू दे, तिकीट फाडून द्यायचं. आपण कशाला इचारावं कशाला चाललास.

विशाखा : काका, तुमचा दोनच्या गाडीचा काय विचार?

पंचाक्षरी : तो अर्ज… इकडं दे. तीन प्रती आहेत.

विशाखा : फाडून टाका ना.

पंचाक्षरी : नुसतं फाडून भागत नाही. जाळावा लागतो.

अण्णाराव : समोर चहाच्या हाटेलात भट्टी हाय. द्या इकडं. झेरॉक्स पण टाकतो त्यातच.

पंचाक्षरी : झेरॉक्स राहू दे.

अण्णाराव : ती कशाला?

पंचाक्षरी : नवा घर नंबर आहे त्यावर. माझ्याकडं जुना आहे.

विशाखा : हा तुमचा फळा बंद करून देते काका. 'माझे सर्व संपर्क' काढून टाकलं. आता तुम्ही ज्यांची नावं निवडाल, त्यांनाच दिसंल. कव्हरातली चिठ्ठी काढा आन् पासवर्ड बदला. काकूचं नाव सोडून काहीतरी ठेवा.

पंचाक्षरी : दुसरं मला लक्षात राहणार नाही.

विशाखा : हं. आता कुणाला दिसू द्यायचं, सांगा.

पंचाक्षरी : एकाच माणसाला दिसेल, असं होतं?

विशाखा : होतं की.

पंचाक्षरी : मग अण्णारावचं नाव घाल. फक्त. आण मोबाइल इकडं.

विशाखा : काय लिहून राहिलात? माणूस तुमच्या दोन फुटांवर उभा हाय.

पंचाक्षरी : काही गोष्टी लेखीच द्याव्या लागतात, विशाखा. तोंडी माफीला… तोंडी गोष्टीला काही आधार नसतो.

विशाखा : बघू? 'उद्या स. ६ वा. ओट्यावर चहा. अण्णाराव. आपल्याकडून चूक झाल्याचे सांगणे. दोन खुर्च्या टाकणे.'

पंचाक्षरी : मोठ्यानं वाचू नकोस! त्याला त्याचं त्याला वाचू दे.

विशाखा : रंग कुठला देऊ?

पंचाक्षरी : हिरवा. दैनंदिन.

विशाखा : गेलं बघा. एकच नाव. आता हे खरं गोपनीय.

पंचाक्षरी : अण्णाराव. मोबाइल बघ तुझा.

अण्णाराव : आता?

पंचाक्षरी : आता. हिरवं आहे, पण वाच.

अण्णाराव : माझं नेट सकाळीच संपलंय, पंचाक्षरी.